तांबडा, पांढरा आणि राखाडी

कोल्हापूरचा ‘आर्टिस्टिक’ फोटो कसा काढायचा याची कृती आता सगळ्यांना पाठ झाली आहे. सकाळी सहाला गंगावेश नाहीतर मोतीबाग तालमीत जायचं. माती अंगाला चोळणारा पैलवान, वरच्या झरोक्यातून आलेली उन्हाची तिरीप, त्यात उडणारी धूळ. तिथून दूध कट्ट्यावर, धार काढणाऱ्या हातांचा क्लोजअप. मग पंचगंगा घाट, आणि धुकं असेल तर देवच पावला. दुपारी चप्पल ओळीत एखादा म्हातारा कारागीर गाठायचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली असेल तर फारच उत्तम. संध्याकाळी घरी येऊन सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि रंग काढून टाकायचे. कॉन्ट्रास्ट वाढवायचा, आकाश काळंभोर करायचं, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खणून काढायच्या आणि खाली लिहायचं, ‘टाइमलेस कोल्हापूर’. झाली डिश तयार.

मी हे चिडून लिहितोय, आणि चिडायला कारण आहे. गेल्या काही वर्षांत या प्रकारची प्रदर्शनं मी इतकी पाहिली की आता दारातूनच सांगू शकतो, आत डाव्या भिंतीला पैलवान असणार आणि उजव्या भिंतीला म्हातारी.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. काळ्या-पांढऱ्या फोटोवर माझा मुळीच राग नाही. राग आहे तो आपल्या शहराच्या रोजच्या जगण्यातला रंग मुद्दाम पुसून त्याला कला म्हणण्यावर. यातल्या बहुतेक फोटोंत रंग काढण्यामागे प्रकाशाचा, आकाराचा, रेषेचा काही विचार नसतो. हेतू एकच, की आज जिवंत असलेली, मोबाईलवर बोलणारी, भाव करणारी, भांडणारी माणसं जुनी दिसावीत. जुनी दिसली की गरीब दिसतात, गरीब दिसली की सोशीक दिसतात, आणि सोशीक दिसली की प्रदर्शनात चालतात.

अहो, ज्या गावाने आपल्या जेवणाला रंगांची नावं दिली त्या गावाचं हे चाललंय! जगात इतरत्र रश्श्याला मटणाचा रस्सा, कोंबडीचा रस्सा म्हणतात. आपल्याकडे तांबडा आणि पांढरा. ताटातल्या त्या दोन वाट्यांचा काळा-पांढरा फोटो काढून बघा. एका वाटीत राखाडी, दुसऱ्या वाटीत जरा फिकट राखाडी. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर उधळला जाणारा गुलाल काळा-पांढरा केला की त्याचा धूर होतो. सासनकाठ्या, पायऱ्या, माणसं सगळं धुरात, आणि बाहेरच्या माणसाला वाटावं इथे काही पेटलंय की काय. खासबागेच्या आखाड्यातली माती तांबडी असते. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती पोसलेली असते. रंग काढला की पैलवान सिमेंटच्या गोणीत लोळल्यासारखा दिसतो. (दूध कट्टा तेवढा मी सोडून देतो. काळी म्हैस आणि पांढरं दूध, तिथे निसर्गानेच फिल्टर लावून दिलाय.)

आता कुणीतरी म्हणणार की कोल्हापूरची परंपराच काळ्या-पांढऱ्याची आहे, हे तर सिनेमाचं गाव. हा युक्तिवाद मी बऱ्याच वेळा ऐकलाय आणि तो पूर्ण उलटा आहे.

बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, त्यात केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचेही होते. आनंदराव १९१६ साली गेले आणि दोघांनी मिळून पाहिलेलं देशी कॅमेऱ्याचं स्वप्न बाबूरावांनी पुढे दामल्यांच्या मदतीने पुरं केलं. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून मानस्तंभ उभा आहे, जाता-येता आपण तो बघतो किंवा बघत नाही. त्या कॅमेऱ्याने काढलेली ‘सैरंध्री’ १९२० साली आली. पण या माणसाच्या हातात जी फिल्म होती ती काळी-पांढरी होती, कारण दुसरी मिळतच नव्हती. त्यातही त्या काळची नेहमीची फिल्म लाल रंगाला आंधळी असायची. निळा, हिरवा तिला दिसे, लाल दिसत नसे, म्हणून लाल ते काळं येई. पणजीच्या फोटोत तिच्या कपाळावरचं कुंकू काळं का दिसतं याचं उत्तर बऱ्याचदा हेच आहे. कुंकू काळं दिसावं अशी ना पणजीची इच्छा होती ना फोटोग्राफरची.

आणि या लोकांना रंगाची किती ओढ होती बघा. ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं बाबूरावांचं पोस्टर रंगीत आहे. पडद्यावर जे दाखवता येत नव्हतं ते त्यांनी निदान भिंतीवर दाखवलं. १९२९ साली इथेच सुरू झालेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्याला गेली आणि त्याच वर्षी तिने पुन्हा ‘सैरंध्री’ काढली, ती रंगीत. त्यासाठी फिल्म जर्मनीला नेऊन प्रक्रिया करून घेतली. प्रयोग फसला, पैसा बुडाला. पण फसला तो रंग मिळवण्याच्या धडपडीत. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंमध्येही काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरून द्यायची पद्धत होती. गालावर जरा गुलाबी, काठाला हिरवा, दागिन्याला पिवळा. गिऱ्हाईक ते जास्तीचे पैसे देऊन करून घ्यायचं. ज्यांच्याकडे रंग नव्हता त्यांनी तो ब्रशने भरला. आपल्या खिशातल्या फोनमध्ये तो फुकट येतो, तर आपण तो बोटाने पुसून टाकतो आणि वर परंपरेचं नाव घेतो!

पुसून टाकतो हा शब्द मी जपून वापरलाय. डिजिटल कॅमेरा आणि फोन रंगच टिपतात. (लायकाने २०१२ साली फक्त काळा-पांढरा टिपणारा डिजिटल कॅमेरा आणला, पण त्याची किंमत ऐकून घ्या म्हणजे तो अपवाद का म्हणायचा ते कळेल.) काळं-पांढरं नंतर केलं जातं आणि ते करण्याचं एक गणित असतं. नेहमीच्या हिशेबात हिरव्याला जवळजवळ साठ टक्के वजन, लालला तीसच्या आसपास, निळ्याला जेमतेम अकरा. सगळ्याची बेरीज करून एकच राखाडी छटा. त्यामुळे हळद पांढुरकी होते, गडद निळा काळ्यात जातो, आणि तांबडा व हिरवा एकाच राखाडीवर येऊन शेजारी-शेजारी बसू शकतात.

आता हे गणित घेऊन बिंदू चौकात चला. तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. कोल्हापूरला याचा अभिमान आहे आणि असावाच. १४ एप्रिलला तो चौक निळा असतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी भगवा असतो, कधी मोर्चा असला की लाल. या चौकात रंग म्हणजे कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कुणाविरुद्ध बोलतंय याची माहिती. फोटो राखाडी करा, मग सगळे झेंडे सारखे. कुणाची मिरवणूक होती हे सांगता येणार नाही. मग त्याच्याखाली ‘जनसागर’ असं काहीतरी शीर्षक देता येतं आणि कुणाचंच मन दुखत नाही. मला वाटतं या फोटोंच्या लोकप्रियतेचं एक कारण हेही आहे. रंग गेला की भांडण जातं, आणि भांडण गेलं की चित्र दिवाणखान्यात लावायला मोकळं.

तारखेचंही तेच. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पूर या शहराने पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. त्या तिन्ही पुरांचे काळे-पांढरे फोटो पत्त्यांसारखे पिसून माझ्यासमोर ठेवा, कुठला कधीचा हे मी सांगू शकणार नाही. रंगीत ठेवा, मी सांगायचा प्रयत्न तरी करीन. बुडालेल्या दुकानाच्या पाटीवरून, भिंतीवरच्या जाहिरातीवरून, बचावाच्या बोटीवरून, गढूळ पाण्याच्या त्या चहासारख्या तपकिरी रंगावरून. नुकसान कुणाचं झालं, कधी झालं, कुणी मदत केली, कुणी केली नाही, हे प्रश्न तारखेला चिकटलेले असतात. ‘टाइमलेस’ पुराला कुणी नुकसानभरपाई मागू शकत नाही.

आणखी एक उदाहरण मनातून जात नाही. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते होतं तसंच पुन्हा उभं करायचं असं ठरलं. होतं तसं म्हणजे कसं? लाकडाचा पॉलिश कुठला, भिंतीचा रंग कुठला, पडदा कसा होता? अशा वेळी लग्नाच्या, संमेलनाच्या, गॅदरिंगच्या साध्या रंगीत फोटोंना सोन्याचं मोल येतं. अंधारात एकच खुर्ची उजळलेली आणि बाकी सगळं काळं, असा ‘मूड’वाला फोटो तिथे काडीच्या उपयोगाचा नाही.

हे सगळं झालं वस्तूंचं. माणसांचं याहून वाईट.

एका प्रदर्शनात मला एका मावशींचा फोटो दिसला. कपिलतीर्थ मार्केटात त्या भाजी विकतात, मी त्यांच्याकडून घेतो, म्हणून ओळखलं. मोठा प्रिंट, छान फ्रेम. हनुवटीवर हात, नजर लांब कुठेतरी, चेहऱ्याची एकूण एक सुरकुती मोजता येईल असा. शीर्षक होतं ‘प्रतीक्षा’. नाव नाही, जागा नाही, तारीख नाही. मी फोनवर त्याचा फोटो घेतला आणि दुसऱ्या दिवशी मेथी घेताना त्यांना दाखवला.

बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, “ह्यो मी हाय?”

“तुम्हीच की.”

“आरं, माजं लुगडं हिरवं हुतं की! नवं इरकल, पोरीनं घेतल्यालं. पदर तांबडा. ह्यात निस्तं काळं दिसतंय.” जरा थांबून म्हणाल्या, “असलं फोटू मेल्यावर लावत्यात. हार तेवढा घालायचा ऱ्हायलाय.”

वाट कुणाची बघत होता, असं विचारलं तर हसायला लागल्या. “कुणाची बगतो? टेंपो आला न्हवता कोथमिरीचा.” (आमच्याकडच्या जुन्या बायका ‘बघतो, जातो, आलो’ असंच बोलतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) तुमचं नाव लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “आदी फोटू रंगीत करून आण, मग नाव लिव.” त्यामुळे इथे नाव लिहिलेलं नाही.

मला वाटतं, एवढी मोठी समीक्षा मी कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचलेली नाही. आपल्या घरांमध्ये भिंतीवर काळा-पांढरा फोटो कुणाचा असतो? गेलेल्यांचा. चंदनाचा हार, वर बारीक दिवा. ती भाषा मावशींना येते, फोटोग्राफरलाही येते. मावशींना त्यात आपलं मरण दिसलं आणि फोटोग्राफरला त्यात अमरत्व दिसतं, एवढाच काय तो फरक. नवं इरकल नेसून, पोरीने घेतलं म्हणून ऐटीत बसलेली बाई, तिची ऐटच काढून घेतली. ती ऐट हिरव्या रंगात होती.

‘पण रंग लक्ष विचलित करतो, काळ्या-पांढऱ्यात माणसाचा आत्मा दिसतो’ हे वाक्य मला कुणीतरी ऐकवणार आहेच. इंग्रजीतून आलेलं हे वाक्य आहे आणि ते फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये पहिल्या तासाला देतात. कार्तिए-ब्रेसाँ काळ्या-पांढऱ्यात काम करायचा, हे खरं. १९४७-४८ साली तो भारतात होता, गांधीजींच्या अखेरच्या दिवसांतले त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि ते थोरच आहेत. पण त्याची शिस्त कशात होती? रस्त्यावर क्षण पकडण्यात. आपण त्याचा क्षण घेतला नाही, फक्त राखाडीपणा घेतला. उलट आपल्याच देशातल्या रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगात काम केलं आणि १९९८ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की काळं-पांढरं ही पाश्चात्त्यांच्या मनातल्या अपराधाची, एकटेपणाची भाषा आहे, भारतीय नजर रंगाला वगळून चालूच शकत नाही. मला ते थोडं ताणलेलं वाटतं. भारतीय नजर अशी एकच नजर असते हेच मला पटत नाही. पण निदान त्या माणसाने विचार करून रंग निवडला होता.

आणि विचार करून काळं-पांढरं निवडणारेही आपल्यात आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते काळे-पांढरे आहेत. गटारात उतरलेला माणूस, गळ्यापर्यंत घाण. ते बघताना मला एकदाही वाटलं नाही की इथे रंग असता तर. कारण तो माणूस ओलव्यांना वाटेत सापडलेला ‘विषय’ नाही. ते वर्षानुवर्षं त्या वस्त्यांत, त्या घरांत जात राहिले. बघणाऱ्याला कळतं की हा कामगार आहे, हे त्याचं काम आहे, हे काम त्याच्याकडून करवून घेणारी व्यवस्था आहे आणि ती आज चालू आहे. तिथे काळा-पांढरा कुणाला जुना करत नाही, अंगावर येतो. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा प्रश्न फिल्टरचा नाहीच. तुम्ही त्या माणसाकडे किती वेळा गेलात, हा आहे.

आमचे फोटोग्राफर किती वेळा जातात? बहुतेक एकदा. ‘फोटोवॉक’ असतो ना रविवारी. दहा-पंधरा जण, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, एकाच म्हाताऱ्याभोवती कोंडाळं.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण किती पेटून उठलो होतो आठवतंय? मीही उठलो होतो. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन दाखवलं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मोजून दाखवले, आमच्या कारागिरांचं श्रेय कुठाय म्हणून विचारलं. प्राडाला शेवटी मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची होती. त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. छान झालं.

पण मग त्याच कारागिराच्या हातांचा फोटो काढून, नाव न लिहिता, ‘लुप्त होत चाललेली कला’ म्हणून भिंतीवर लावणाऱ्याला आपण काय म्हणायचं? तो कारागीर लुप्त झालेला नाही. त्याच्या पाटाशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा आहे, पोरगा ऑनलाइन ऑर्डरी घेतोय, वेणी घालायचं काम घरात बायका करतायत आणि त्यांचा फोटो कुणीच काढत नाही, कारण त्या ‘फ्रेम’मध्ये बसत नाहीत. फोटोत क्यूआर कोड आला तर तो कापतात, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. कमावलेल्या चामड्याचा तो मधासारखा रंग, जो बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने येतो, ज्यावरून जाणकार माल ओळखतो, तोसुद्धा काढून टाकतात. प्राडाने निदान रंग तसाच ठेवला होता!

‘स्ट्रीट’ हा शब्दच इथे जरा उपरा आहे, हेही एकदा बोलायला हवं. पॅरिसच्या रस्त्यावर कुणी कुणाला ओळखत नाही, त्यातून ती फोटोग्राफी जन्मली. आमच्याकडे गल्ली असते, पेठ असते. शिवाजी पेठेत कॅमेरा काढा, पाच मिनिटांत कुणीतरी विचारणार, “कुठलं ओ तुम्ही? पेपरवालं काय?” हा प्रश्न अडथळा नाही, ते आमंत्रण आहे. दोन मिनिटं बोला, चहा येतो, नाव कळतं, गल्ली कळते, आजा कुठल्या तालमीचा होता तेही कळतं. पण यांना तो प्रश्न यायच्या आत ‘कँडिड’ घेऊन सटकायचं असतं.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे. पुढच्या वेळी फोटोखाली ‘प्रतीक्षा’, ‘जगणं’, ‘काळाच्या उंबरठ्यावर’ असलं काही लिहू नका. ज्याचा फोटो आहे त्याला विचारून त्याचं नाव लिहा, गल्ली लिहा, तारीख लिहा. रंग काढला असेल तर का काढला ते एका ओळीत लिहा, आणि ती ओळ सुचत नसेल तर रंग राहू द्या. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला त्या माणसाला बोलवा, पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची द्या. आणि एक प्रिंट त्याच्या घरी नेऊन द्या, रंगीत. प्रिंटला किती पैसे पडतात ते मला माहीत आहे, कारण मावशींसाठी मी चौकशी केली होती. फ्रेमच्या काचेपेक्षा कमी. “फोटो पाठवतो म्हणून गेला, परत आलाच न्हाई,” हे वाक्य मी दूध कट्ट्यावर ऐकलंय, घाटावर ऐकलंय, तालमीत वस्तादांच्या तोंडून ऐकलंय आणि चप्पल ओळीत तर इतक्या वेळा ऐकलंय की तिथे आता नवा कॅमेरा दिसला की आधी हसतात.